मानोरा रस्त्यावरची उसळी

१

मोरीपाशी रस्त्यावर रक्त सांडलं होतं, आणि त्यावर कुणीतरी माती लोटली होती. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची चंपाबाई इथे चालत्या ट्रेलरमधून उडून पडली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा जीव गेला.

चौऱ्याहत्तर सालची, रामनवमीच्या आधीची गोष्ट. जिनिंगचा हंगाम संपला होता आणि तांड्यावरचे मजूर कारंज्याहून पोहरादेवीच्या यात्रेसाठी घरी निघाले होते. जिनिंगचे मालक भगवंतराव यांचा ट्रेलर सरकी आणायला मानोऱ्याला रिकामाच जात होता. "बसा सगळे मागं," असं त्यांनीच सांगितलं होतं.

मी इंद्रभान, अकोल्याचा मोटार वाहन निरीक्षक. अपघातातली गाडी तपासून अहवाल द्यायचा, हे माझं काम. पण मोरीपाशी भेटलेल्या फौजदारानं निकाल आधीच लावून ठेवला होता.

"ड्रायव्हर पेला होता, साहेब. देवमन नाव त्याचं. केबिनमधी बाटली सापडली. ब्रेक ठीक होते एवढं लिहून द्या, का झालं."

"तो प्यायलेला होता हे कुणी पाहिलं?"

"केबिनमधी त्याच्या बाजूले पुंडलिक दिवाणजी बसले होते. त्यायचा जबाब हाये. आन् साहेब, ह्या लोकायचं तुमाले मी काय सांगू?"

"ह्या लोकायचं म्हणजे?"

फौजदारानं माझ्या नावाची पाटी पाहिली, आडनाव वाचलं आणि गप्प बसला. मला संताप आला, पण तो गिळून मी चंपाबाईच्या नवऱ्याकडे वळलो.

रूपला बाभळीखाली उकिडवा बसला होता. चाळिशीचा, हाडापेरानं मजबूत, पण आवाज पार बसलेला.

"मोरी आली आन् मागची बाजू अशी उसळली, का आमी सगळे हवेत. मी फळी धरली. ते मागच्या टोकाले बसली होती. गाडी थांबली तवा ते खाली पडून होती. मांडीतून रक्त. पण बोलत होती साहेब. पाणी मांगलं तिनं."

"मग दवाखान्यात कसं नेलं?"

"मागून मालकाची जीप आली. म्हटलं, मालक, जीपमधी टाकू. तर म्हणे, हलवू नका, हाड मोडलं असंन, मी डॉक्टरच घेऊन येतो. जीप मागं वळवली आन् गेले. लय वाट पाह्यली. मंग एक बैलगाडी आली, तिच्यात टाकली."

"देवमन काय करत होता?"

"तो? बैलगाडीसंगं पळत होता. आपल्या धोतराचं फडकं तिच्या मांडीले दाबून." रूपलानं मान वर केली. "तो पेलेला नोता, साहेब. माही बायको गेली, पण मी खोटं बोलनार नाई."

फौजदार म्हणाला, "अडाणी मानूस हाये."

२

ट्रेलर तोवर कारंज्याला जिनिंगच्या आवारात नेऊन उभा केला होता. रस्ता अडत होता म्हणून हलवला, असं मला सांगण्यात आलं. मिलिटरीच्या लिलावातून आणलेली गाडी. पुढे इंजिनाचा तोडका ट्रक, ज्याला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात, आणि त्याच्या पाठीवर टेकवलेली मागची लांबलचक गाडी. त्या भागात तशी दुसरी नव्हती.

भगवंतराव स्वतः सामोरे आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात पानाचा डबा.

"लय वाईट झालं साहेब. मी तर तेराव्याचा सगळा खर्च करतो म्हटलं. पण त्या देवमननं घात केला. मले गाडीतलं काही समजत नाई. इंजिन कोनीकडं अन् पाना कोनीकडं. तुमीच पाहून घ्या. टायर पाहा, ब्रेक पाहा. कमानीत एक पाटा जास्तीचा निघाला तर मले सांगा."

चहा आला. मी तो तसाच ठेवला आणि ट्रेलरखाली शिरलो.

गाडी उसळते त्याची कारणं फार नसतात. टायर एका जागी घासून सपाट झालेला असतो, चाक वाकडं असतं, चाकांवरच्या कमानीचा, म्हणजे लोखंडी स्प्रिंगचा, एखादा पाटा तुटलेला असतो, किंवा घोडा आणि ट्रेलर जोडणारा खिळा ढिला झालेला असतो. मी एकेक पाहिलं. टायर गोल होते, चाकं सरळ होती, पाटे शाबूत होते, खिळाही घट्ट होता. एकच गोष्ट जराशी वेगळी दिसली. कमान आसाला आवळून धरणारे बोल्ट गरजेपेक्षा लांब होते. नटाच्या खाली चार बोटं आटे उघडे होते.

मग मी गाडी स्वतः चालवली. रिकामी. आवाराच्या खडबडीत वाटेवरून, नंतर बाहेर डांबरी रस्त्यावर. मागे सरकारी शिपाई उभा केला होता. परत आल्यावर त्याला विचारलं, "कसं वाटलं?"

"मस्त, साहेब. पाळण्यात बसल्यावानी."

पुंडलिक दिवाणजी हसले. "म्हटलं होतं ना? गाडीले काही नाई झालं. झालं ते ड्रायव्हरले."

गाडी खरोखरच निर्दोष होती. त्या क्षणी अहवाल लिहिला असता, तर देवमन सुटला नसता.

३

मानोऱ्याच्या कोठडीबाहेर देवमनची बायको दुर्गाबाई भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. मी कोण ते कळताच तिनं वाट अडवली.

"साहेब, एक आयका. आमच्या सासऱ्यानं छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली. तवापासून आमच्या घरात दारूचा थेंब नाई. आन् ते बाटली इंग्लिश दारूची म्हन्तात! आमी ज्वारी मोजून खातो, जी. इंग्लिश दारू मालकाच्या घरी राह्यते का आमच्या?"

"बाई, मी गाडी तपासतो. बाटली नाही."

"मंग गाडी तरी इमानानं तपासा!"

ती बाजूला झाली, पण तिचे डोळे माझ्या पाठीवर होते.

देवमन भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या सदऱ्यावर वाळलेलं रक्त तसंच होतं. बदलायला कुणी दुसरा दिला नव्हता.

"गाडी उसळत होती, असं तुझं म्हणणं आहे?"

"होती जी. दिवाणजीले किती डाव सांगतलं. ते म्हने, रस्ता खराब हाये."

"भरलेली असताना की रिकामी?"

तो दचकून माझ्याकडे पाहू लागला. हा प्रश्न त्याला इतक्या दिवसांत कुणी विचारलाच नव्हता.

"रिकामी जी! भरली का पान्यावानी चाले. रिकामी झाली का जशी अंगात आल्यावानी करे."

"स्टेअरिंग थरथरायचं?"

"नाई. पुढं काहीच नाई. सगळं मागून. खड्डा आला, मोरी आली, का मागची बाजू फेकल्यावानी वर."

"डांबरी, सपाट रस्त्यावर?"

"तथी कमी."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. त्याच्याआधी नाई."

मी मनात एकेक कारण खोडत गेलो. टायर किंवा चाक खराब असतं तर भरलेली गाडीही थडथडली असती, सपाट रस्त्यावर तर जास्तच. पाटा तुटला असता तर भरल्यावर गाडी एका अंगाला बसली असती. खिळा ढिला असता तर धक्का पुढे केबिनमध्ये जाणवला असता. भरल्यावर शांत आणि रिकामी असताना खड्ड्यात मागून उसळणारी, अशा गाडीचं दुखणं एकच. कमान तिच्या मूळ ताकदीपेक्षा कडक केलेली. दुप्पट माल लादायचा म्हणून कमानीत जादा पाटे घालतात. वजन असलं की ते वाकतात. वजन नसलं की ते वाकतच नाहीत, आणि प्रत्येक धक्का जसाच्या तसा वर फेकतात. शेवटच्या टोकाला बसलेल्याला तर सगळ्यात जास्त.

पण मी ती कमान डोळ्यांनी पाहिली होती. तिच्यात जादा पाटा नव्हता.

म्हणजे देवमन खोटं बोलत होता, नाहीतर मला दाखवलेली गाडी.

४

जिनिंगच्या मागच्या अंगाला दगडी ओटा आहे. कापसाच्या दाबलेल्या गठाणी त्या ओट्यावरून सरळ ट्रेलरमध्ये ढकलतात. हमालांचा पुढारी जानराव तिथे बिडी ओढत बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.

"अपघाताचं मले काही ठाऊक नाई जी," तो आधीच म्हणाला.

"मी अपघाताचं विचारत नाही. ह्या कामात जास्त जोर कधी लागतो ते सांगा."

तो मोकळा हसला. "आता नाई लागत. पन मधात लय लागला. संक्रांतीपासून ट्रेलर ओट्याच्या वर राहे, चार बोटं. गठाण उचलून टाका लागे. आमचे पोट्टे शिव्या देत."

"आणि आता?"

"आता बराबर हाये. आजच झाडून काढला तवा पाह्यलं, फळी ओट्याले लागून." तो थबकला. बिडी त्याच्या बोटांत तशीच राहिली. "बाप्पा! हे कवा खाली बसलं?"

मी उठलो आणि पुन्हा ट्रेलरखाली गेलो. ते चार बोटं उघडे आटे आता माझ्याशी बोलत होते. बोल्ट लांब नव्हते. जाड कमानीसाठी ते अगदी बेताचे होते. मधले पाटे काढून घेतल्यावर नट वर चढवावा लागला, आणि आटे उघडे पडले. तिथे गंज नव्हता, चिखलही नव्हता. लोखंड नुकतं घासलेलं, चकचकीत.

आणि मग मला भगवंतरावांचं बोलणं आठवलं. अपघात झालेल्या गाडीचा मालक म्हणतो, पाटा तुटलेला निघाला तर सांगा. हा माणूस म्हणाला होता, जास्तीचा निघाला तर सांगा. ज्याला इंजिन कोणीकडे ते कळत नव्हतं, त्याला नेमका हाच दोष कुठून सुचला?

पाटे काढले होते हे नक्की. पण कधी काढले आणि कुणी?

५

मानोऱ्याचे डॉक्टर तरुण होते, सरकारी. माझा प्रश्न ऐकून ते खुर्चीतून उठलेच.

"प्यायलेला? देवमननं त्या बाईला दोन्ही हातांवर उचलून आत आणलं. तिला टेबलावर ठेवताना त्याचं तोंड माझ्या तोंडाशी होतं. दारूचा वास मला आला नसता का? हे मला कुणी विचारलंच नाही. पोलीस आले, मृत्यूची वेळ लिहून घेतली आणि गेले."

"तुम्हाला बोलवायला जीप आली होती?"

"कुठली जीप? त्या दिवशी मी इथून हललोसुद्धा नाही."

मी परत मोरीपाशी गेलो. रूपलाला सोबत घेतलं आणि त्याला जीप कुठे उभी होती ते दाखवायला लावलं. त्यानं दाखवलं. तोंड कुठे वळवलं तेही दाखवलं.

मी रस्त्यावर उभा राहिलो. पुढे दोन कोसांवर मानोरा, डॉक्टर तिथे. जीपनं जायला पंधरा-वीस मिनिटं. मागे कारंजा, त्याच्या कितीतरी पट लांब. बाई रक्तात पडलेली, आणि डॉक्टर आणायला निघालेला माणूस जवळचा दवाखाना सोडून मागे वळतो.

"ट्रेलर कुठे उभा होता?"

"हा इथीसा. आमी बैलगाडीसंगं गेलो, तवा दिवाणजी एकटेच त्याच्यापाशी थांबले होते."

रस्त्याच्या कडेच्या मऊ मातीत दोन चौकोनी खड्डे उमटले होते. जड गाडी जॅकवर उचलताना खाली लाकडी ठोकळे ठेवतात, त्यांचे. आजूबाजूला गंजाचे पापुद्रे पडले होते आणि काळं ग्रीस सांडलं होतं.

रूपला माझ्याकडे बघत होता. "काय हाये, साहेब?"

"कमानीचे पाटे इथेच काढलेत," मी म्हणालो. मागे कारंज्यात असं काय होतं, की जे मरणाऱ्या बाईपेक्षा आधी आणायला हवं होतं?

६

जड गाडी उचलणारा जॅक असलेलं कारंज्यातलं एकच दुकान, नाक्यावरचं दौलतराव मिस्त्रीचं. अंगानं किडकिडीत, पन्नाशीचा माणूस. त्यानं आधी कानावर हात ठेवले.

"त्या ट्रेलरले मी हात नाई लावला. मिलिटरीचा माल, आपल्याले नाई जमत."

"मिस्त्री, मी गाडीचं विचारायला नाही आलो. भगवंतरावांची जीप तुमच्याकडे आली, तेव्हा त्यांनी काय सांगितलं?"

तो हातातला पाना पुसत राहिला.

"मीच सांगतो काय सांगितलं ते. चाल, घाई आहे, जॅक घे. बरोबर?"

"म्हने बाई जागीच गेली," तो पुटपुटला. "आता पोलीस येतीन, कमान पाहतीन, माह्यावर केस होईन, आन् संक्रांतीले पाटे घालनारा म्हनून तुह्यावरही. मी भेलो, जी."

"बाई जागीच गेली नव्हती."

पाना त्याच्या हातातून निसटला.

"ती बोलत होती. पाणी मागत होती. ती जीप डॉक्टर आणायला म्हणून निघाली होती, दौलतराव. डॉक्टरच्या जागी त्यात तुम्ही बसून गेलात. तांड्यावरची माणसं त्याच जीपची वाट बघत होती."

दौलतराव दुकानाच्या उंबऱ्यावर मट्कन बसला. मग त्याचा आवाज चढला, इतका, की शेजारचे दुकानदार बाहेर आले.

"मले खोटं सांगतलं त्या मानसानं! मी पोहोचलो तवा दिवाणजीशिवाय तथी कोनी नोतं, मले वाटलं नेलं असंन मढं! अरे मले सांगतलं असतं, तर मी म्हटलं असतं, चुलीत गेले तुमचे पाटे, आधी बाईले न्या! मले काय राक्षस समजला का हा?"

तो आत गेला, तरटं ओढून फेकली आणि चार जाड काळे पाटे खणखणत बाहेर आणून टाकले.

"हे घ्या. कुठंही फेकून दे म्हने. इतकं चांगलं लोखंड, जीव नाई झाला. चाला, मी कोर्टातही सांगतो. मले शिक्षा होईन तं होईन."

७

भगवंतरावांनी पाटे पाहिले आणि तरीही माघार घेतली नाही. फौजदारासमोर, पंचांसमोर ते शांतपणे म्हणाले,

"ठीक हाये. घातले असतीन पाटे. सगळेच घालतात. म्हनून काय मानूस उडते का गाडीतून? ते देवमनच्याच करनीनं झालं."

"मग आपण पाहू," मी म्हणालो.

मोरीपाशी दौलतरावानं पाटे पुन्हा कमानीत बसवले. पोलीस खात्याचा ड्रायव्हर आणला, ज्याच्या तोंडाचा वास फौजदारानं स्वतः घेतला. ट्रेलर रिकामा. वेग ताशी तीस किलोमीटर, देवमननं सांगितला होता तोच. तांड्यावरची माणसं रस्त्याच्या कडेला जमली होती. दुर्गाबाईही होती.

"भगवंतराव," मी म्हणालो, "गाडीत दोष नाही म्हणता ना? बसा मागे. चंपाबाई बसली होती तिथे, टोकाला."

त्यांनी पंचांकडे पाहिलं. मग ट्रेलरच्या मागच्या लोखंडी पायरीवर एक पाय ठेवला, फळीला हात घातला. तसेच थांबले. कपाळावर घाम दिसू लागला. रूपला त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता.

भगवंतरावांनी पाय खाली घेतला.

"माह्या कंबरेत दुखते," ते म्हणाले.

कुणीतरी कडवट हसलं. मी मातीनं भरलेलं एक पोतं टोकाला ठेवायला सांगितलं, बाईमाणसाच्या वजनाचं. ट्रेलर लांबवर नेला आणि तिथून सोडला. मोरीवर चाकं गेली, मागची बाजू कडाडून वर आली, आणि ते पोतं फळीवरून उडून रस्त्याच्या कडेला येऊन फुटलं.

एक म्हातारी छाती पिटून रडू लागली. पुंडलिक दिवाणजी मागच्या मागे सरकत होते. दुर्गाबाईनं त्यांना अडवलं.

"बाटली कोनाची होती, दिवाणजी? सांगा आता सगळ्यायसमोर!"

दिवाणजींनी मालकाकडे एकदा पाहिलं. "मालकाची," ते म्हणाले. "त्यायनंच ठेवाले लावली."

फौजदाराची मान खाली गेली होती. त्यानं त्याच संध्याकाळी देवमनला सोडलं, आणि भगवंतरावांना आत घेतलं.

८

तांड्यावर मी दुसऱ्या दिवशी गेलो. रूपलानं बाज टाकली, पाणी दिलं.

"साहेब, खरं सांगा. जीपमधी नेलं असतं, तर?"

मी डॉक्टरांना हाच प्रश्न आधी विचारला होता. त्याला धीर द्यावा असं वाटलं, पण त्या माणसाला आजवर सगळ्यांनी खोटंच सांगितलं होतं.

"वाचली असती," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले, मांडीची शीर बांधता आली असती. वेळेत आणायला हवी होती."

रूपलानं डोकं हलवलं. मग म्हणाला, "हे लिहा."

मी लिहिलं. अकोल्याला माझ्या वरिष्ठांनी अहवाल वाचला, कमानीचा भाग त्यांना पसंत पडला. शेवटच्या परिच्छेदावर मात्र त्यांनी पेन्सिल ठेवली.

"हे जीपचं कशाला? आपला अहवाल सदोष वाहनाचा. त्या जीपमध्ये काही दोष होता का?"

"नाही साहेब. जीप उत्तम चालू होती. म्हणूनच लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल बाजूला ठेवली आणि सही केली.